धंद्याचं नाव ठरवताय? पाकिटं छापायला देण्याआधी हे वाचा

मी आणि माझ्या जाऊबाई मिरजेत कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट आणि लोणची करून विकतो. पहिलं नाव ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली होती. त्यात 'घरगुती' हा शब्द होता, 'चव' हा शब्द होता आणि घरातल्या सगळ्यांना ते आवडलं होतं. पाच हजार पाकिटं छापून आली, दुकानांत माल गेला आणि सात महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यावसायिकाच्या वकिलाची नोटीस आली. त्यांचं नाव आमच्या नावाशी जवळजवळ जुळणारं होतं, आमच्या कितीतरी आधीपासून वापरात होतं आणि नोंदलेलंही होतं. चूक आमचीच होती. उरलेली तीन हजार पाकिटं रद्दीत गेली. त्याहून जास्त लागलं ते हे, की गिऱ्हाईक आम्हाला ज्या नावाने ओळखायला लागलं होतं, ते नावच सोडावं लागलं.

दुसऱ्यांदा नाव ठरवायला आम्ही चार महिने घेतले. त्या चार महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्याला आवडणारं नाव आणि आपलं म्हणून राखता येणारं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पाहिल्याशिवाय पहिलीत जीव अडकवू नये. नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे. शुल्क आणि मुदती मधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर आकडे एकदा ताडून घ्या.

१. 'नाव' म्हणजे नेमकं कोणतं नाव, ते आधी ठरवा

आम्ही इथेच घोळ केला. धंद्याला किमान दोन नावं असतात. एक कागदावरचं, म्हणजे फर्मचं किंवा कंपनीचं. ते बँकेच्या खात्यावर, बिलावर आणि परवान्यावर येतं. दुसरं पाकिटावरचं, म्हणजे ब्रँड. ही दोन्ही एकच असायला हवीत असं कुठेच लिहिलेलं नाही.

अमूलचंच घ्या. १४ डिसेंबर १९४६ला आणंदमध्ये नोंदली गेलेली मूळ संस्था म्हणजे कैरा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. दुकानात जाऊन हे नाव कोण घेणार? 'अमूल' हे नाव १९५० च्या दशकात आलं. 'आणंद मिल्क युनियन लिमिटेड'ची आद्याक्षरं त्यात बसतात आणि 'अमूल्य' हा शब्दही कानात वाजतो. कागदावरचं नाव संस्थेची ओळख सांगतं, पाकिटावरचं नाव गिऱ्हाइकाच्या तोंडात बसतं. दोन कामं आहेत, तेव्हा दोन नावं ठेवायला कचरू नका.

लहान धंद्याला माझा सल्ला असा, की सगळी मेहनत पाकिटावरच्या नावावर घाला. फर्मचं नाव साधं असलं तरी चालतं.

२. जुनी नावं कशी पडली ते नीट बघा

दुसऱ्या वेळी आम्ही कागद घेऊन बसलो आणि माहीत असलेल्या नावांची मुळं शोधत गेलो. हे करायला फार गोडी वाटली. त्यातून जे शिकायला मिळालं ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं.

*आडनाव.* मराठी माणसाची ही पहिली धाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१०मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. आडनावाचं गाव झालं आणि रेल्वे स्टेशनही झालं. चितळे, बेडेकर ही नावंही अशीच. आडनावामागे माणूस उभा आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं, ही त्याची ताकद. अडचण अशी, की त्याच आडनावाची माणसं आणखी शेकड्यांनी असतात. ट्रेडमार्कच्या, म्हणजे ब्रँडच्या नावावरच्या हक्काच्या, कायद्यात स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला मोकळीक आहे, त्यामुळे तुमच्याच आडनावाच्या दुसऱ्या दुकानदाराला अडवणं सोपं नसतं. त्यात भावाभावांत वाटण्या झाल्या की पहिला वाद नावावरून होतो. आडनाव घेणार असाल तर ते कोणाच्या मालकीचं राहील, हे आजच घरात लेखी करा.

*गाव.* पार्ले हे नाव विलेपार्ल्यावरून आलं, १९२९मध्ये. त्यांच्या बिस्किटाची गोष्ट तर प्रत्येक नवख्याने लक्षात ठेवावी. आधी ते 'पार्ले ग्लुको' होतं. ग्लुकोज हा पदार्थाचा शब्द, तो सगळ्यांचा. म्हणून बाजारात ग्लुको-ग्लुकोज नावाची इतर बिस्किटं आली आणि गिऱ्हाईक नुसतं 'ग्लुकोज बिस्किट द्या' म्हणायला लागलं. शेवटी १९८० च्या दशकात नाव 'पार्ले-जी' झालं. पदार्थाचा शब्द आखडून एका अक्षरावर आला आणि स्वतःचा शब्द पुढे राहिला. आमच्या पहिल्या नावात 'घरगुती' आणि 'चव' हे दोन्ही शब्द सगळ्यांचे होते. आमचं असं त्यात काहीच नव्हतं.

*आद्याक्षरं.* विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२मध्ये काढलेली. सिप्ला म्हणजे केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज, मुंबई, १९३५. आणि विप्रोचं मूळ तर आपल्या अमळनेरचं आहे. १९४५मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या या गावात वनस्पती तूप करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. 'वेस्टर्न इंडिया पाम रिफाइंड ऑइल'ची अक्षरं जोडून 'विप्रो' झालं. पुढे कंपनी संगणकात गेली, जगभर पसरली, तरी नावाने तिला कुठे अडवलं नाही, कारण त्यात तेल दिसत नव्हतं. तुम्ही आज मसाला विकत असाल, पाच वर्षांनी कदाचित सोलकढीही विकाल. नावात 'मसाले' घालण्याआधी हे आठवा. आद्याक्षरांत एक काळजी मात्र घ्या. त्यांचा शब्द बनायला हवा. विको, सिप्ला, विप्रो हे तोंडात बसणारे शब्द आहेत. नुसती तीन सुटी अक्षरं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि तशीच तीन अक्षरं घेतलेले धंदे आधीच ढिगाने असतात.

*जोडशब्द.* माझा सगळ्यात आवडता प्रकार. १९३१पासून दांडेकर बंधू मुंबईत शाई करत होते. त्यांच्या शाईचं एक नाव 'कॅमल'. कॅमल आणि इंक जोडून 'कॅम्लिन' झालं. माझ्या कंपासपेटीवरचं ते नाव मी दहा वर्षं पाहिलं, पण त्यात उंट आणि शाई बसली आहेत हे कधी सुचलं नाही. चांगला जोडशब्द असाच असतो, शिवण दिसत नाही. व्होल्टासही तसंच: व्होलकार्ट ब्रदर्स आणि टाटा सन्स, १९५४.

*घरचं माणूस.* करसनभाई पटेलांनी १९६९मध्ये अहमदाबादला धुण्याची पावडर विकायला सुरुवात केली आणि तिला मुलीचं नाव दिलं. मुलगी निरुपमा, म्हणून निर्मा. पूर्ण नाव न घेता त्याचं लहान रूप घेतलं, आणि कानाला ते 'निर्मळ'च्या जवळ गेलं.

*दुसऱ्या भाषेतून आलेलं.* १९५२मध्ये टाटांनी सौंदर्यप्रसाधनं काढली तेव्हा 'लॅक्मे' हे नाव फ्रेंच ऑपेराच्या नायिकेवरून घेतलं. ते आपल्या 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप आहे. म्हणजे परदेशी वाटणारं नाव फिरून आपल्याच देव्हाऱ्यात येतं.

*घडवलेला शब्द.* अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८मध्ये 'कोडॅक' नोंदवलं. त्याला कोणत्याही भाषेत अर्थ नव्हता. त्याला 'के' हे अक्षर आवडायचं म्हणून ते दोन्ही टोकांना ठेवलं. जपानच्या 'टोकियो त्सुशिन कोग्यो'ला परदेशात आपलं नाव कोणी उच्चारू शकत नाही हे कळलं, तेव्हा १९५८मध्ये ती 'सोनी' झाली. कायद्याच्या नजरेत अशा शब्दाइतकी भक्कम दुसरी जात नाही, कारण तो तुमच्याआधी कोणाचाच नव्हता. फक्त लोकांच्या मनात तो रुजवायला वेळ आणि पैसा लागतो.

नाव फार गाजलं तरी एक धोका असतो. झेरॉक्स हे एका कंपनीचं नाव. आपण मात्र 'दोन झेरॉक्स काढून आण' असं म्हणतो आणि नाक्यावरच्या प्रत्येक दुकानावर ती पाटी असते. म्हणून पाकिटावर ब्रँडच्या पुढे वस्तूचं नाव वेगळं लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

३. पंचवीस नावांची यादी करा आणि ती तोंडाने तपासा

एका नावावर थांबू नका, कारण पुढच्या पायऱ्यांवर बहुतेक नावं गळतात. आमच्या पंचवीसातली शेवटी तीन उरली. यादीसाठी आम्ही शेताच्या बांधांची नावं, जुन्या भांड्यांची नावं, आजेसासूबाईंच्या ओव्यांतले शब्द, माहेरच्या गावचे ओढे, झाडं, नक्षत्रं असं सगळं लिहून काढलं. बोलीतले अडगळीत पडलेले शब्द फार कामाचे असतात. आपल्या माणसाला ते ओळखीचे वाटतात आणि ते पदार्थाचं वर्णनही करत नाहीत.

मग प्रत्येक नाव असं तपासा.

फोनवर सांगून बघा. पलीकडच्या माणसाने न विचारता बरोबर लिहिलं तर पास. दोनदा 'काय म्हणालात?' आलं तर ते नाव काढा.

रोमन अक्षरांत लिहून अनोळखी माणसाला वाचायला द्या. ही परीक्षा मराठी नावांना फार जड जाते. आपल्या 'ळ'ला रोमन लिपीत स्वतःचं अक्षर नाही. 'माळा', 'माला', 'मळा' आणि 'मला' हे चारही शब्द रोमनमध्ये एकसारखेच लिहिले जातात. 'तूप' लिहिलं तर शहरातला मुलगा 'टप' वाचतो, 'दाणे'चं 'डेन' होतं. 'ळ' असलेलं नाव ठेवूच नका असं मी म्हणणार नाही. पण लोक ते कसं वाचतील, इंटरनेटवर शोधताना कसं लिहितील, याचा विचार आधी करा.

शेजारच्या भाषा विचारा. आमच्याकडे कर्नाटक अर्ध्या तासावर आहे, म्हणून कन्नड येणाऱ्या शेजारणीला सगळी यादी वाचून दाखवली. एका नावावर ती थबकली. ते नाव आम्ही तिथेच खोडलं.

आणि मोठ्याने म्हणा: 'काकू, एक ... द्या.' मोकळ्या जागी नाव घाला. वाक्य अडखळलं की नाव गेलं.

४. कायदा कुठे अडवतो

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण आमची पाकिटं इथेच बुडाली.

वर्णन करणारी नावं अडतात. ट्रेडमार्क कायदा १९९९चा. त्याच्या नवव्या कलमात मालाचा प्रकार, गुण, जागा एवढंच सांगणाऱ्या शब्दांवर आक्षेप येतो. शुद्ध, ताजं, उत्तम, झणझणीत, घरगुती या शब्दांवर कोणा एकाचा हक्क कसा चालेल?

उच्चाराने जवळ असलेली नावं अडतात. अकराव्या कलमात आधीच्या नावाशी साम्य पाहिलं जातं आणि ते कानाने पाहिलं जातं. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा वाद होता. अर्थ वेगळे आहेत हा बचाव पुरला नाही. अर्धवट आठवणीवर खरेदी करणारा साधा माणूस फसेल का, हे न्यायालयाने पाहिलं आणि नावं फसवी ठरण्याइतकी जवळ आहेत असं म्हटलं. तरी लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण तिथे ते नाव चालू आहे हे माहीत असूनही दुसरी बाजू बरीच वर्षं गप्प बसली होती. १९६०च्या एका निकालात ग्लुकोजची भुकटी 'ग्लुकोव्हिटा' आणि बिस्किटांसाठी मागितलेलं 'ग्लुव्हिटा' हे जवळचं मानलं गेलं. वस्तू वेगळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एक अक्षर बदललं, दीर्घाचं ऱ्हस्व केलं, पुढे 'श्री' लावला, याने काही होत नाही.

देवांची नावं मिळतात, पण फार पातळ हक्क देऊन. २०१५मध्ये उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पवित्र ग्रंथाचं नाव एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही. तुमची श्रद्धा असेल तर दुकानात तसबीर लावा, ब्रँड वेगळा ठेवा.

महाराजांचं नाव घेऊ नका. हे मी मुद्दाम ठळक करून सांगते, कारण आपल्याकडे ही ओढ सर्वांत जास्त. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९५०चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. 'शिवाजी' हा शब्दही आहे. धंद्याच्या नावात किंवा ट्रेडमार्कमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते चालत नाही. दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या दुकानांना तर महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला महाराष्ट्राने २०२२मध्ये स्पष्ट बंदी केली आहे.

भौगोलिक मानांकन असलेल्या मालाचं गाव जपून वापरा. सांगलीची हळद, सांगलीचे बेदाणे, वायगावची हळद, कोल्हापूरचा गूळ, सोलापुरी चादर ही नावं त्या त्या भागातल्या उत्पादकांची आहेत. बाहेरची हळद दळून पाकिटावर 'सांगली' मिरवणं हा गुन्हा होऊ शकतो.

५. शोध घ्या, आणि या क्रमाने घ्या

लोक आधी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, बघतात आणि ते मोकळं दिसलं की हुरळून जातात. क्रम उलटा हवा.

सर्वांत आधी ट्रेडमार्क. सरकारच्या बौद्धिक संपदा विभागाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. त्यासाठी आपल्या मालाचा वर्ग माहीत असावा लागतो. एकूण ४५ वर्ग आहेत: १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावं, की लोणचं २९व्या वर्गात आणि मसाला, चहा, चटण्या ३०व्यात. आम्हाला दोन्ही घ्यावे लागले. कपडे २५, साबण आणि सौंदर्यप्रसाधनं ३, खानावळ आणि हॉटेल ४३, दुकानदारीची सेवा ३५.

शब्दाने शोधा, मग 'फोनेटिक' म्हणजे उच्चारसाम्याने शोधा. नावाच्या चारपाच स्पेलिंगांनी पुन्हा शोधा. अर्ध्या शब्दानेही शोधा. समोर आलेल्या प्रत्येक अर्जाची स्थिती वाचा. इथे एक सापळा आहे. 'अबँडन्ड' म्हणजे सोडून दिलेला अर्ज दिसला की नाव मोकळं आहे असं वाटतं. तसं नसतं. त्या माणसाने अर्ज सोडला असेल, पण धंदा चालू असेल तर आधीपासून वापरणारा म्हणून त्याचा हक्क राहतो.

दुसरा शोध कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, कंपन्या आणि एलएलपींच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्यांच्या) नावांत. तिसरा बाजारात, आणि हा कोणी करत नाही. नोंदणी न केलेले धंदे कुठल्याच यादीत नसतात. आम्ही सांगली, कोल्हापूर आणि पुण्याच्या किराणा दुकानांत फिरून पाकिटं पाहिली, ऑनलाइन दुकानांत पाहिलं, इन्स्टाग्रामवर पाहिलं. एक छान नाव असंच गेलं. ते एका बचतगटाचं निघालं.

शेवटी डोमेन. नाव पक्कं होताच त्याच दिवशी घेऊन टाका, खर्च किरकोळ आहे. देवनागरीत 'डॉट भारत' पत्ताही मिळतो.

६. धंद्याचा प्रकार कोणता, त्यावर नोंदणी ठरते

एकट्याचा धंदा असेल तर नाव राखून ठेवायची वेगळी पायरी नसते. दुकाने व आस्थापना कायद्याखाली, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, त्यात लहान धंद्याला ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. फर्मच्या नावाने चालू खातं उघडताना बँक हेच कागद मागते. आणि हे नीट समजून घ्या: गुमास्ता किंवा उद्यम यांमुळे नावावर हक्क मिळत नाही. आम्हाला तो मिळाला असं वाटत होतं.

भागीदारी असेल तर १९३२च्या कायद्याप्रमाणे निबंधकाकडे नोंदवता येते. आम्ही तेच केलं.

एलएलपी किंवा कंपनी असेल तर नाव मंजूर करून घ्यावं लागतं. कंपनीसाठी 'स्पाइस प्लस' अर्जाच्या पहिल्या भागात दोन नावं देता येतात, शुल्क १,००० रुपये, आणि मंजूर नाव २० दिवस राखलं जातं. एलएलपीच्या नावासाठी २०० रुपये आणि तीन महिने. एकवचनाचं अनेकवचन, जागा सोडणं, शेवटी 'डॉट कॉम' लावणं, गावाचं नाव जोडणं असल्या फरकांना नियमांत किंमत नाही. 'बँक', 'इन्शुरन्स' असे शब्द नियामकाच्या परवानगीशिवाय आणि 'नॅशनल'सारखे सरकारच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत.

कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला, हा गैरसमज सुशिक्षित माणसांतही दिसतो. नोंदलेल्या ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांत तक्रार करू शकतो आणि मग नाव बदलायचा हुकूम निघू शकतो. कंपनी नसताना हौसेने पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिणाऱ्यांना दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

७. ट्रेडमार्कचा अर्ज

लागणारे कागद:

- अर्जदाराचं पॅन, आधार आणि पत्ता. भागीदारी असेल तर करारपत्र
- उद्यम प्रमाणपत्र (शुल्कातल्या सवलतीसाठी)
- नाव, किंवा लोगोची स्पष्ट प्रतिमा
- देवनागरी नाव असेल तर त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ
- नाव आधीपासून वापरात असेल तर पहिल्या वापराची तारीख, प्रतिज्ञापत्र आणि पुरावे: जुनी बिलं, जाहिरात, पाकिटाचा फोटो
- वकील किंवा एजंट नेमलात तर अधिकारपत्र

अर्जाचं नाव टीएम-ए. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, लहान उद्योग आणि स्टार्टअपला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. उद्यम प्रमाणपत्र न जोडल्यामुळे दुप्पट पैसे भरलेली माणसं मी पाहिली आहेत.

पैसे एकाच अर्जापुरते असतील तर लोगो बाजूला ठेवून आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा. लोगो पुढे बदलतो, शब्द राहतो. लोगो घेणारच असाल तर काळ्यापांढऱ्यात द्या. रंगाची अट घातली नाही तर तो सगळ्या रंगांसाठी धरला जातो. आणि लोगो काढून देणाऱ्या मुलाकडून त्याचे हक्क तुमच्याकडे आले असं लेखी घ्या, ओळखीचा असला तरी.

अर्जानंतर परीक्षण अहवाल येतो. त्यात आक्षेप असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एजंटवर टाकून विसरू नका, स्वतः दर आठवड्याला स्थिती बघा. आक्षेप म्हणजे नकार नव्हे. नाव वेगळं कसं आहे आणि तुमचा वापर कधीपासून आहे, हे पुराव्यासह मांडायची ती संधी असते. मान्य झालं की नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापलं जातं आणि त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. विरोध नाही आला की नोंदणी होते. आमचं सगळं मिळून चौदा महिन्यांत झालं. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

अर्ज गेला, की त्या दिवसापासून नावाशेजारी टीएम लिहू शकता. वर्तुळातला आर मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी वापरला तर दंड आहे.

८. नाव मिळाल्यावर

जर्नलमध्ये नाव छापलं गेलं, की तुमचा पत्ता सगळ्यांना दिसतो आणि पत्रं यायला लागतात. 'आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नाव घालण्यासाठी इतके डॉलर भरा' असं मोहोरबंद, अगदी सरकारी दिसणारं पत्र आम्हालाही आलं. जाऊबाई पैसे भरायला निघाल्याच होत्या. अशा पत्राला उत्तरही देऊ नका. ट्रेडमार्क कार्यालयाचं देणं त्याच्याच संकेतस्थळावर भरायचं असतं.

पाटी मराठीत हवी. महाराष्ट्रात दुकान कितीही लहान असलं तरी नामफलक देवनागरीत मराठीतून हवा आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पाटी रंगवणाऱ्याला देवनागरी शुद्धलेखन कागदावर लिहून द्या. रोमनमधलं नाव त्याला वाचून लिहायला लावलंत तर ऱ्हस्व-दीर्घ तो ठरवेल.

पाकिटं पहिल्या खेपेला पाचशेच छापा. नाव मिळवल्यावर ते वापरतही राहा. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने नाव वापरलं नाही, तर दुसरा माणूस ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो.

आमचं आताचं नाव इथे लिहीत नाही, ती जाहिरात होईल. आजेसासूबाईंच्या माहेरी एक ओढा आहे, त्याचं ते नाव. मसाल्याशी त्याचा काही संबंध नाही, फोनवर सांगितलं तर कोणी पुन्हा विचारत नाही, आणि २९ व ३० या दोन्ही वर्गांत ते आमच्या दोघींच्या भागीदारीच्या नावावर आहे. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी त्याची एक छायाप्रत आम्ही आजेसासूबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती फडताळात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.